घरच्या बागेतील मॉस : पाण्याचा आणि जंगलाचा हिशेब

मराठीत ‘शेवाळ’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. विहिरीच्या पाण्यावरील हिरवी साय, न्हाणीघरातील बुळबुळीत थर आणि पावसाळ्यात विटांच्या भिंतीवर उगवणारा मखमली गालिचा या सर्वांना आपण शेवाळच म्हणतो. यापैकी पहिली दोन बहुधा शैवले असतात; तिसरे मात्र मॉस, म्हणजे ब्रायोफायटा गटातील वनस्पती होय. (गोडा मसाल्यातील दगडफूल हे या दोहोंहून निराळे. ते कवक आणि शैवल यांच्या सहजीवनातून घडते.) परीक्षार्थींनी हा भेद ध्यानात ठेवावाच; पण बागेत मॉस वाढवू इच्छिणाऱ्यालाही त्याचा उपयोग आहे, कारण मॉसचे सारे व्यवहार त्याच्या शरीररचनेतून ठरतात.

मॉसला खरी मुळे नसतात आणि पाणी वाहून नेणाऱ्या विकसित वाहक ऊतीही नसतात. धाग्यांसारखे मूलाभ त्याला केवळ पृष्ठभागाशी धरून ठेवतात. पाणी आणि क्षार ते संपूर्ण अंगाने शोषून घेते. फलनासाठी पुंयुग्मकांना पाण्यातून पोहत जावे लागते, म्हणूनच या गटाला ‘वनस्पतिसृष्टीतील उभयचर’ म्हणतात. हवा कोरडी झाली की मॉसही वाळते, तपकिरी होते, परंतु मरत नाही. अनेक जाती काही महिन्यांनंतरही पहिल्या सरीत थोड्या वेळात हिरव्या होतात. गव्हाचे रोप कोमेजले तर शेतकऱ्याचे नुकसान होते; मॉस कोमेजले तर ते केवळ वाट पाहत असते.

बंगळूरूसारख्या शहरात ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील या शहरात वर्षाला साधारण 970 मिलिमीटर पाऊस पडतो. एप्रिल-मेमधील वळीव, नैऋत्य मोसमी पाऊस आणि ऑक्टोबरातील परतीचा पाऊस असा तो वर्षाच्या मोठ्या भागात विभागलेला असतो. हैदरअलीने 1760 मध्ये ज्या लालबागेचा पाया घातला, तेथील सुमारे तीनशे कोटी वर्षांचा पट्टिताश्म खडक आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. उघड्या खडकावर आधी दगडफूल, मग मॉस, मग साचलेल्या चिमूटभर मातीत गवत असा जो क्रम असतो, त्यालाच पाठ्यपुस्तकात प्राथमिक अनुक्रमण म्हणतात. घरच्या बागेत आपण याच क्रमातील मधला टप्पा मुद्दाम थांबवून धरतो.

लागवड

पद्धत साधी आहे. उत्तरेकडील भिंतीलगतची किंवा झाडाखालची अशी जागा निवडावी, जिथे हिरवळ नीट तग धरत नाही. माती भुसभुशीत न करता उलट दाबून घट्ट करावी, तण काढावे आणि ती ओली करावी. मग आपल्याच आवारातील भिंत, कुंडी किंवा फरशीच्या सांधीतून पावसाळ्यात निघालेल्या मॉसचे तुकडे त्यावर दाबून बसवावेत. ‘आपल्याच’ हा शब्द महत्त्वाचा. त्या भिंतीवरील जाती शहराची धूळ आणि उन्हाळा सोसून टिकलेल्या असतात. ब्रायम अर्जेंटियम ही रुपेरी छटेची जाती तर जगभरच्या शहरांत आढळते. थंड डोंगरातून आणलेले मॉस शहरी आवारात बहुधा टिकत नाही. खत देऊ नये, त्याने तणच माजते. मॉस ताकात वाटून भिंतीला फासण्याची एक कृती फार लोकप्रिय आहे. तिच्यात जे उगवते ते मॉसच्या तुकड्यांमुळे, ताकामुळे बहुधा बुरशीच येते. ताक पिऊन टाकणे अधिक किफायतशीर!

बोन्सायच्या किंवा कुंडीच्या मातीवर मॉसचा थर दिल्यास जोरदार सरीत माती उडत नाही आणि ओल अधिक काळ टिकते. पायवाटेवरील दगडांच्या मधल्या जागेतही ते शोभते. मात्र सतत चालण्याच्या जागी ते लावू नये. क्योटो येथील साइहोजी मंदिराचा परिसर जगातील सर्वांत प्रसिद्ध मॉस-उद्यान मानला जातो. निगा राखण्यास निधी नव्हता, त्या काळात तेथे मॉस पसरले असे सांगितले जाते. अर्थसंकल्पातील तुटीचे इतके सुंदर फळ क्वचितच पाहावयास मिळते.

पाणी कोणाचे?

खरा प्रश्न पाण्याचा आहे. बंगळूरूला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, टप्प्याटप्प्याने उंच चढवून आणावे लागते. मार्च 2024 मधील टंचाईत शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागकामासाठी वापरण्यास मनाई करून 5,000 रुपये दंड ठरवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि एप्रिल 2025 मध्ये सुमारे दशकानंतर पाणीपट्टी वाढली. तरीही नळाच्या पाण्याची किंमत आणि ते घरापर्यंत आणण्याचा समाजाला पडणारा खर्च या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाणी स्वस्त असते तेव्हा बागेतील प्रत्येक तपकिरी ठिपका हिरवा करण्याचा मोह होतो.

थोडे गणित करू. दोन चौरस मीटर मॉसला कोरड्या 120 दिवसांत रोज दोन लिटर पाणी शिंपडायचे असे धरले, तर 240 लिटर लागतील. 100 चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 100 लिटर पाणी. म्हणजे तीन मिलिमीटरच्या एका सरीत, काही गळती धरूनही, हंगामाची गरज भागते. प्रश्न फक्त साठवणुकीचा उरतो. 2009 च्या कायदादुरुस्तीने बंगळूरूत 2,400 चौरस फूट व त्याहून मोठ्या भूखंडांवरील जुन्या इमारतींना पर्जन्यजल संधारण बंधनकारक झाले, नव्या इमारतींसाठी ही मर्यादा 1,200 चौरस फूट आहे. डासांसाठी पिंप झाकलेले असावे, इतकेच. पावसाचे पाणी मॉसला मानवतेही अधिक; कूपनलिकेच्या जड पाण्यातील क्षार त्याच्या अंगावर साचतात. आणि पिंप रिकामे झाल्यास मॉस वाळू द्यावे, हे माझे मत.

विकतचे मॉस

लहान काचपात्रातील बागा, ऑर्किड आणि टांगत्या परड्या यांच्यासाठी मॉस विकतही मिळते. ते येते कोठून? काही परदेशातून आयात होते; काही जंगलातून, विशेषतः उत्तराखंडच्या ओलसर वनांतून, ओरबाडून आणले जात आले आहे. गोळा करणाऱ्याला केवळ मजुरी पडते. झाडाच्या खोडावरील जो थर पाणी धरून ठेवतो, बियांना आसरा देतो आणि पुन्हा भरून यायला अनेक वर्षे घेतो, त्याची किंमत कुठल्याच पावतीवर येत नाही. अर्थशास्त्रात यालाच ऋण बाह्यता म्हणतात. गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडलेली सामाईक संपत्तीची शोकांतिका इथे आठवेल. पण 2009 च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले की स्थानिक समूह स्वतः नियम करून अशी संपत्ती टिकवू शकतात. उत्तर लिहिताना हार्डिन यांच्यापाशी थांबू नये.

कायद्याने मॉसकडे दुर्लक्ष केलेले नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. 1927 च्या भारतीय वन अधिनियमातील ‘वन उपज’ या संज्ञेच्या व्याख्येत गवत, वेली आणि लव्हाळ्यांबरोबर मॉसचा नावानिशी उल्लेख आहे; पीटही त्यात येते. अर्थात जंगलातून परवान्याविना उपटून आणलेले मॉस ही निरुपद्रवी हौस नव्हे. नैनितालजवळ खुर्पाताल येथे 2020 मध्ये देशातील पहिले मॉस-उद्यान खुले झाले, ते या दुर्लक्षित वनस्पतींविषयी जाणीव वाढवण्यासाठीच.

ओल धरून ठेवणे हाच हेतू असेल, तर पर्याय बंगळूरूच्या जवळच आहे. तुमकूरु जिल्ह्यातील तिपटूरचा पट्टा नारळासाठी प्रसिद्ध आहे. काथ्या काढल्यावर उरणारा भुसा, म्हणजे कोकोपीट, एकेकाळी ढिगाने पडून राहत असे. आता तो निर्यात होतो. पीट तयार होण्यास हजारो वर्षे लागतात, नारळ दरवर्षी लागतो. स्फॅग्नम मॉस कोरड्या वजनाच्या सुमारे वीस पट पाणी धरते, तितके कोकोपीट धरत नाही. नाजूक ऑर्किडसाठी हा फरक जाणवतो, मनीप्लांटसाठी नाही. एव्हाना बाजारानेही हे ओळखले आहे. आपल्याकडील रोपवाटिकांत ‘मॉस स्टिक’ या नावाने जी काठी मिळते, तिच्यावर बहुतेक वेळा मॉसचा मागमूसही नसतो. असतो तो नारळाचा काथ्या.