संथ हालचालीचे बळ



पवनेच्या काठचे पिंपळे सौदागर आता उंच इमारतींनी भरून गेले आहे. हिंजवडीच्या कचेऱ्यांत काम करणारी मुले आणि त्यांच्याकडे राहावयास आलेले आईवडील, असा येथील अनेक घरांचा संसार. ह्या वडीलधाऱ्या मंडळींना मधुमेहाचे, रक्तदाबाचे भय ठाऊक असते. न्हाणीघरातील ओल्या फरशीचे भय मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत मंडईतून भाजी आणणारा माणूस अंथरुणाला खिळतो. हे संकट टाळण्यास चीनमधील एक व्यायाम उपयोगी पडतो. त्याचे नाव ताई ची.

मुळात ही युद्धकला. हनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावी सतराव्या शतकात ती आकारास आली, असे सामान्यतः मानतात. १९५६ साली चीनच्या क्रीडा खात्याने तिच्यातून चोवीस हालचालींचा सुटसुटीत क्रम बसविला आणि ती सर्वसामान्यांच्या आटोक्यात आली. छी गुंग हे तिचे भावंड. त्यात श्वासाच्या तालावर साध्या हालचाली पुनःपुन्हा करावयाच्या असतात.

इतक्या संथ हालचालीने काय साधणार, अशी शंका येईल. सायकल वेगात असली की तोल आपोआप सावरतो. हळू चालविताना खरी परीक्षा होते. तसेच शरीराचे आहे. पाऊल सावकाश उचलले की सारा भार एका पायावर अधिक वेळ राहतो. मांडी, पोटरी, घोटा यांना झटावे लागते. तळपायाकडून मेंदूकडे जाणारे निरोप सजग होतात. संथपणा हाच येथे व्यायाम आहे.

हे केवळ ऐकीव नव्हे. पडण्याचा धोका असलेल्या, सत्तरीच्या वरच्या ६७० जणांवर अमेरिकेत झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, चोवीस आठवडे ताई ची करणाऱ्यांचे पडणे, नुसते अंग ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांच्या मानाने ५८ टक्क्यांनी कमी झाले. कंपवाताच्या १९५ रुग्णांवरील २०१२ च्या प्रयोगातही तोल सुधारल्याचे दिसले.

चिनी परंपरा ‘छी’ नावाची शक्ती अंगात खेळते असे सांगते. आपण प्राण म्हणतो, तशीच ही कल्पना. तिच्या नावाने कोणी असाध्य रोग बरे करण्याची हमी देऊ लागला, तर सावध राहावे. पिंपरीहून जाणाऱ्या लोहमार्गावरच लोणावळा आहे. तेथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासावयास घेतल्या. परंपरेचा आदर आणि दाव्याची परीक्षा एकत्र नांदू शकतात, हा धडा ह्या चिनी विद्येलाही लागू आहे.

आरंभ सोपा आहे. भिंतीजवळ उभे राहावे, गुडघे किंचित वाकवावेत, भार एका पायावरून दुसऱ्यावर हळूहळू न्यावा. श्वास कोंडू नये. पुढचे जाणत्या शिक्षकाकडून शिकावे. गुडघेदुखी वा चक्कर असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे आणि चालू औषधे मुळीच सोडू नयेत. म्हातारपण कोणाला चुकले नाही. पण त्यात आपल्या पायांवर उभे राहण्याची तयारी आजपासून करता येते.