गोल्फ शिकावयाचा तर कोणत्या मैदानावर?

चौसाळ्यास गोल्फचें मैदान नाहीं. बीड शहरांतही नाहीं. आणि धुळे-सोलापूर रस्त्यावरील या गांवांत तें असावें अशी इच्छा कोणीं बोलून दाखविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तथापि घरांतील मुलें शिकून पुण्या-मुंबईस नोकरीस लागतात, कचेरींतील वरिष्ठ शनिवारीं सकाळीं खेळावयास बोलावतात, आणि मग एखाद्या रात्रीं घरीं फोन येतो कीं, गोल्फ शिकावा असें मनांत आहे. वडील मंडळी प्रथम खर्च विचारतात. त्यानंतर आजोबा विचारतात कीं, हा साहेबी खेळ आपल्या घरांत कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्या मुलाचें शिकणें ज्यावर अवलंबून, तो प्रश्न कोणीच विचारीत नाहीं : पहिले धडे कोणत्या मैदानावर घ्यावयाचे?

आजोबांच्या शंकेचा निकाल आधीं लावूं. खेळ साहेबानें आणला, हें खरेंच. कलकत्त्याचा गोल्फ क्लब 1829 चा व मुंबईचा 1842 चा. त्या काळीं आपल्या लोकांस तेथें प्रवेश तो नोकर म्हणून. परंतु 1991 सालीं इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकणारा अली शेर हा मूळचा दिल्लीच्या मैदानावरील कॅडी, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा होता. 2021 सालीं भरलेल्या टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें पुण्याचा उदयन माने खेळला. आणि तेथेंच बंगळूरची अदिति अशोक चौथी आली, तिचें पदक अवघ्या एका टोल्यानें हुकलें. तिची पिशवी खांद्यावर घेऊन चालत होत्या तिच्या मातोश्री! नाशकांत तर खेळ गेला आणि नांव मागें राहिलें. तेथील जुन्या गोल्फ क्लबच्या मैदानास आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचें नांव आहे. 1909 सालीं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे हे तरुण आमच्या मराठवाड्यांतच, औरंगाबादेस, शिकत होते. आतां तेथें क्रिकेटचे सामने होतात, पण रिक्षावाल्यास ‘गोल्फ क्लब’ म्हटलें तरी कळतें.

आतां मुख्य गोष्ट. क्रिकेटची खेळपट्टी कोठेंही बावीस यार्डांचीच. टेनिसचें अंगण कोठेंही सारखेंच. गोल्फचें तसें नाहीं. सव्वाचार इंच रुंदीचें भोक तेवढें जगभर सारखें. तेथवर पोहोंचण्याची वाट मात्र प्रत्येक मैदानाची निराळी. कोठें रुंद गवताळ पट्टा, कोठें मधोमध तळें, कोठें वाळूचे खड्डे, कोठें दुतर्फा दाट झाडी. अशा अठरा वाटा मिळून एक पुरा डाव होतो. पुष्कळ मोठ्या मैदानांवर निष्णातानें तो बहात्तर टोल्यांत पुरा करावा अशी अपेक्षा असते. नवख्यास त्याच्या दुप्पट टोले सहज लागतात, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. विटीदांडूंतही पहिल्या दिवशीं विटीऐवजीं मातीच उडते.

लाज उत्पन्न होते ती मागें उभ्या असलेल्या माणसांमुळें. रविवारीं सकाळीं मोठ्या क्लबावर चौघाचौघांच्या टोळ्या दहा-दहा मिनिटांच्या अंतरानें सुटतात. पुढच्या टोळींत आपला नवखा मुलगा असला, कीं त्याचा चेंडू झाडींत जातो. तो शोधण्यास नियमानें तीन मिनिटें मिळतात (2019 पर्यंत पांच मिळत असत). मागें चार अनुभवी गृहस्थ काठीला टेकून उभे राहतात. ते बोलत कांहीं नाहींत. तें न बोलणेंच जड होतें. हात आंवळले जातात, पुढचा टोला याहून वाईट बसतो, आणि चार तासांची ही शिक्षा भोगून मुलगा घरीं येतो तो पुन्हां न जाण्याचा निश्चय करूनच. काठ्यांचा नवा संच मग माळ्यावर पडतो. पैसे वांयां गेले याचें वाईट वाटतेंच; पण ‘आपल्याला जमत नाहीं’ ही जी समजूत मनांत घर करून बसते, ती अधिक नुकसानीची. बहुतेक वेळां न जमण्याचें कारण मुलगा नसतो. कारण मैदान असतें.

म्हणून आमचा पहिला सल्ला असा कीं, नांवाजलेलें मैदान नवख्यानें टाळावें. जेथें मोठ्या स्पर्धा भरतात तें मैदान निष्णातांची परीक्षा पाहण्यासाठींच मुद्दाम अवघड राखलेलें असतें. नऊ होलचें लहान मैदान मिळालें तर सोन्याहून पिवळें. तेथें निम्म्या वेळांत खेळ आटोपतो, व माणूस थकण्यापूर्वींच घरीं परततो. तें न मिळाल्यास जेथें पट्टे रुंद आहेत, पाण्यावरून चेंडू उडवावा लागत नाहीं, आणि पुढच्या बाजूचे ‘टी’, म्हणजे पहिला टोला मारण्याचे ओटे, आहेत असें पाहावें. हे पुढचे ओटे केवळ बायकांसाठीं, अशी एक जुनी समजूत आहे. ती सोडून द्यावी. ज्याचा टोला जवळ पडतो त्याच्यासाठीं ते आहेत, मग तो विशींतला इंजिनियर असो वा साठीनंतरचे निवृत्त हेडमास्तर असोत.

मैदान सोपें कीं अवघड हें आंकड्यांतही कळतें, आणि याची माहिती पुष्कळांस नसते. रीतसर मोजलेल्या मैदानास दोन आंकडे दिलेले असतात. त्यांपैकीं ‘कोर्स रेटिंग’ हा निष्णातास किती टोले लागावेत तें सांगतो. त्याचा नवख्यास फारसा उपयोग नाहीं. दुसरा ‘स्लोप’. निष्णाताच्या मानानें सामान्य खेळाडूस तें मैदान किती अधिक जड जाईल, हें तो दाखवितो. तो 55 पासून 155 पर्यंत असूं शकतो व 113 हा मध्यम मानतात. एकाच मैदानाच्या पुढच्या व मागच्या ओट्यांसाठीं तो वेगवेगळा असतो. क्लबाच्या कचेरींत हा आंकडा विचारल्यास कोणी हंसत नाहीं. उलट विचारणारा जाणता आहे असा समज होतो.

शांतता मात्र आंकड्यांत सांपडत नाहीं. ती वारावर व वेळेवर अवलंबून असते. शनिवार-रविवारीं गजबजलेलें मैदान मंगळवारीं दुपारीं ओस असतें. कचेरीची रजा एखाद्या आडवारीं काढून गेलें तर तेंच मैदान निम्म्यानें सोपें वाटतें.

पुण्यास येरवड्याचें पूना क्लबचें मैदान अठरा होलचें आहे व त्याची कीर्तिही मोठी. पण तो क्लब सभासदांचा. मुंबईंत चेंबूरचा प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 चा, तोही तसाच. ओळखीच्या सभासदाचा पाहुणा म्हणून जातां येतें. तेव्हां यजमानाचा रविवार आपल्यापायीं मोडूं नये एवढें भान ठेवावें. याउलट नवी मुंबईंत खारघर येथें पांडवकड्याच्या परिसरांत डोंगरांच्या कुशींत सिडकोनें मैदान केलें आहे. तेथें सभासद नसलेल्यासही शुल्क भरून खेळतां येतें, आणि ज्याच्या घराण्यांत कोणीं कधीं क्लबाची पायरी चढली नाहीं त्यास आरंभासाठीं अशीच जागा बरी. डोंगराचा चढउतार मात्र तेथें आहे, हें गुडघे दुखणाऱ्या मंडळींनीं लक्षांत घ्यावें.

बीड जिल्ह्यांतील माणसाच्या मनांत एक प्रश्न येणारच, आणि तो यावा अशीच आमची इच्छा आहे. एवढ्या हिरवळीस पाणी कोठून येतें? 2016 च्या उन्हाळ्यांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, आणि त्याच वर्षीं उच्च न्यायालयाच्या आदेशानें क्रिकेटचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवावे लागले. तेव्हां मैदानावर शुद्ध केलेलें सांडपाणी वापरतात कीं पिण्याजोगें, हें विचारण्याचा आपणांस पुरा अधिकार आहे, आणि उत्तर टाळणारें मैदान आम्ही तरी टाळूं. कोरड्या मुलखांतील कित्येक जुन्या मैदानांवर भोकाभोंवतीं हिरवळ नसून तेल घालून चोपलेली वाळू असे. तिला ‘ब्राउन’ म्हणत. दिसावयास ती रुक्ष, पण आमच्या मुलखास शोभणारी खरी.

खर्चाविषयीं थोडक्यांत. नियमानें चौदापर्यंत काठ्या बाळगतां येतात. नवख्यास सहा-सात पुरे, व त्याही पहिले दोन-तीन महिने भाड्यानें घ्याव्यात. त्याहूनही आधीं ‘ड्रायव्हिंग रेंज’वर, म्हणजे एका जागीं उभें राहून चेंडू टोलावण्याच्या मोकळ्या पट्ट्यावर, आठ-दहा दिवस शिक्षकापाशीं काढावेत. तेथें मागें कोणी खोळंबलेलें नसतें. घरचीं माणसें सुटींत आलीं तर त्यांनाही तेथेंच न्यावें. आजोबांनीं एक चेंडू मारून पाहिला म्हणजे साहेबी खेळाची तक्रार बहुधा मिटते.

निघण्यापूर्वीं फोन करून पोशाखाचीही चौकशी करावी. पुष्कळ ठिकाणीं कॉलरचा सदरा लागतो व जीन्स चालत नाहींत. चौसाळ्याहून एवढा प्रवास करून आलेल्या काकांस त्यांच्या लेंग्यामुळें फाटकावरूनच परत फिरावें लागूं नये.