बॅबेजची अपुरी यंत्रे

चार्ल्स बॅबेज (१७९१–१८७१) या इंग्रज गणितज्ञाने तीन मोठी गणनयंत्रे रचली आणि त्यांतले एकही पुरे केले नाही. पहिल्याचे काम सरकारी पैशाने १८२३ मध्ये सुरू झाले, दहा वर्षांनी थांबले आणि १८४२ मध्ये रीतसर बंद झाले. दुसऱ्याचे ढीगभर आराखडे झाले, थोडे सुटे भाग झाले. तिसरे त्याच्या हयातीत कागदावरच राहिले. आरंभ झालेली कामे तडीला का जात नाहीत हे जवळून पाहायचे तर या यंत्रांसारखे उदाहरण नाही, कारण त्यांचा पत्रव्यवहार, हिशेब आणि आराखडे बऱ्याच अंशी टिकून आहेत. त्या काळच्या कारखान्यांना इतके अचूक भाग घडवताच येत नव्हते, असे स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले जाई. ऐकायला ते पटते, पण विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची प्रत्यक्ष परीक्षा झाली तेव्हा ते टिकले नाही.

यंत्राची गरज निर्माण झाली ती छापील कोष्टकांतून. जहाजाचा कप्तान, खगोलशास्त्रज्ञ, जमीन मोजणारा, विमा कंपनीचा हिशेबनीस या साऱ्यांचा कारभार तेव्हा लॉगॅरिथम, त्रिकोणमिती आणि ग्रहताऱ्यांच्या कोष्टकांवर चाले. ही कोष्टके माणसे हाताने करत. आकडेमोडीत चूक होई, नक्कल करताना होई, छापखान्यात खिळे जुळवतानाही होई. १८२१ मध्ये बॅबेज आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल दोन स्वतंत्र प्रती समोरासमोर ठेवून खगोलीय कोष्टके तपासत होते. चुकांमागून चुका निघू लागल्या तेव्हा बॅबेज वैतागून म्हणाला, की ही आकडेमोड वाफेच्या बळावर व्हायला हवी होती.

श्रम वाटून देण्याचा नमुना त्याच्यापुढे होता. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर गास्पार द प्रोनी याने प्रचंड कोष्टके तयार करवली होती. वर मोजके गणितज्ञ, मधे थोडे हिशेबनीस आणि तळाशी फक्त बेरीज-वजाबाकी जाणणारी साठ-सत्तर माणसे. अमीर-उमरावांच्या केशभूषा बंद पडल्याने बेकार झालेले न्हावीही त्यांत होते. (ही कोष्टकेही त्या काळी पूर्ण छापली गेली नाहीत, रखडलेल्या कामांच्या यादीत त्यांनाही जागा आहे.) सर्वांत खालच्या थराचे काम चाकांवर सोपवता येईल, हे बॅबेजने ओळखले.

त्यामागचे गणित सोपे आहे. १, ४, ९, १६, २५ या वर्गसंख्या घ्या. लगतच्या संख्यांतले फरक ३, ५, ७, ९ येतात आणि त्या फरकांतला फरक कायम २ राहतो. म्हणजे पहिली संख्या, पहिला फरक आणि हा दोन माहीत असला की गुणाकार न करता, नुसत्या बेरजा करत पुढचा हवा तो वर्ग काढता येतो. अनेक किचकट कोष्टकेही टप्प्याटप्प्याने अशा बेरजांवर आणता येतात. दातेरी चाकांना बेरीज जमते. चाकांनी उत्तर काढायचे आणि तेच छपाईच्या ठशावर उमटवायचे, म्हणजे माणसाचा हात मधे येणारच नाही. या यंत्राला त्याने डिफरन्स इंजिन म्हटले. १८२२ मध्ये एक छोटा नमुना चालवून दाखवला आणि सरकारकडे मदत मागितली.

खरी गोम इथे आहे. १८२३ मध्ये बॅबेज अर्थमंत्र्यांना भेटला आणि त्याला १,५०० पौंड मिळाले. या भेटीचा लेखी वृत्तांत कोणीच ठेवला नाही. यंत्र पुरे होईपर्यंतचा खर्च सरकार देईल, असे बॅबेज समजून चालला. एका होतकरू कामाला एकवार हातभार लावला, अशी सरकारी खात्याची समजूत होती. यंत्र कोणाच्या मालकीचे, जादा खर्च कोणाचा, काम कधी पुरे झाले असे मानायचे, यांपैकी काहीच ठरले नव्हते. दोन-तीन वर्षांत काम होईल असा बॅबेजचा अंदाज होता. पैसे संपले की तो अर्ज करी, मंत्री बदललेले असत, जुनी बोलणी नव्यांना ठाऊक नसत आणि पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागे. सदिच्छेवर उभ्या राहिलेल्या तोंडी व्यवहाराचे पुढे जे होते तेच झाले, आणि त्यात कोणाचाही लबाडीचा हेतू नव्हता.

दुसरा गुंता कारागिराचा. जोसेफ क्लेमंट हा त्या काळच्या इंग्लंडमधल्या उत्तम यंत्रकारागिरांपैकी एक. पहिल्या यंत्राला सुमारे २५,००० भाग लागणार होते, आणि त्यांतले शेकडो भाग हुबेहूब एकसारखे. असे भाग घडवणारी हत्यारे आधी क्लेमंटला घडवावी लागली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गिऱ्हाइकाने पैसे दिले तरी हत्यारे कारागिराचीच राहत. त्यामुळे बॅबेजच्या कामावर क्लेमंटचा कारखाना श्रीमंत होत गेला. त्याची बिले चढत गेली आणि ती तपासण्यात महिने जाऊ लागले. १८२७ मध्ये बॅबेजचे वडील, पत्नी आणि दोन मुले वारली. तो युरोपच्या प्रवासाला निघून गेला आणि कामावरची देखरेख सैल झाली.

१८३२ च्या अखेरीस यंत्राचा सुमारे सातवा हिस्सा जोडून झाला. तो अचूक चालत होता आणि आजही चालतो. बॅबेजच्या दिवाणखान्यात शनिवारी जमणाऱ्या बड्या मंडळींना तो कौतुकाने दाखवला जाई. पुढच्याच वर्षी क्लेमंटशी बिनसले. बॅबेजच्या घराला लागून सरकारने नवी कार्यशाळा बांधली होती. तिथे बिऱ्हाड हलवायचे तर नुकसानभरपाई हवी, असे क्लेमंटने सांगितले. ती नाकारली गेली. त्याने माणसे कामावरून काढली आणि काम थांबवले. आराखडेही त्याच्याकडेच अडकले. बनवून ठेवलेल्या हजारो भागांपैकी बहुतेक पुढे भंगारात वितळवले गेले.

आराखडे वर्षभराहून अधिक काळ हाताशी नसल्यामुळे बॅबेज मुळापासून विचार करू लागला, आणि त्यातून १८३४ मध्ये अधिक मोठी कल्पना निघाली. हे नवे अनॅलिटिकल इंजिन एका ठरावीक रीतीला बांधलेले नव्हते. संख्या साठवायचे कोठार एकीकडे, गणिते करायची गिरणी दुसरीकडे, आणि कोणते गणित केव्हा करायचे ते सांगायला छिद्रे पाडलेली कार्डे. ही कार्डे त्याने जकार्ड मागावरून उचलली. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जकार्डने उतरत आली तेच तंत्र. आलेल्या उत्तरावरून पुढची वाट बदलण्याची सोयही यंत्रात होती. आजच्या संगणकाची मुख्य अंगे त्या आराखड्यांत ओळखू येतात. १८४० मध्ये बॅबेजने तुरिन येथे त्याविषयी व्याख्याने दिली, त्यावरून लुइजी मेनाब्रेआ याने लेख लिहिला, आणि एडा लव्हलेसने १८४३ मध्ये त्याचा अनुवाद करताना मूळ लेखाहून कितीतरी मोठ्या टिपा जोडल्या.

कल्पना म्हणून हे अपूर्व होते. हाती घेतलेल्या कामाचा मात्र त्याने जीव घेतला. जुने पुरे करण्यापेक्षा नवे यंत्र अधिक उपयोगी पडेल, अशी बॅबेजची बुद्धी त्याला सांगत होती, आणि हे त्याने सरकारलाही कळवले. आधीच हजारो पौंड दिलेल्या मंत्र्यांना त्यातून एवढाच बोध झाला, की पहिले यंत्र निघण्याआधीच शिळे झाले. निर्णयाविना आठ वर्षे हे घोंगडे भिजत पडले. १८४२ मध्ये राजखगोलज्ञ जॉर्ज एअरी याने यंत्र निरुपयोगी असल्याचे मत दिले. तोवर सुमारे १७,५०० पौंड खर्च झाले होते. तुलनेसाठी सांगायचे तर, १८३१ मध्ये स्टीफन्सनच्या कारखान्यातून निघालेले जॉन बुल हे वाफेचे रेल्वे इंजिन ७८४ पौंडांना पडले होते. ११ नोव्हेंबर १८४२ रोजी बॅबेज पंतप्रधान रॉबर्ट पील यांना भेटला. स्वतःवरच्या अन्यायाची तक्रार त्याने यंत्राच्या आधी मांडली, आणि ती भेट वाईट रीतीने संपली.

एअरीला आडमुठा ठरवणे सोपे आहे, पण स्वीडनमध्ये जे घडले तेही पाहायला हवे. त्याच काळात स्टॉकहोममध्ये गेओर्ग शॉइट्झ हा मुद्रक आणि संपादक बॅबेजच्या यंत्रावरचा एक इंग्रजी लेख वाचून कामाला लागला. मुलाच्या मदतीने त्याने १८४३ पर्यंत नमुना आणि १८५३ पर्यंत पूर्ण यंत्र तयार केले, तेही बॅबेजच्या मानाने ओबडधोबड. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. पहिले यंत्र अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या वेधशाळेने घेतले, दुसरे ब्रिटिश सरकारने घेऊन आयुर्मानाची कोष्टके करायला लावले. पण पुढे मागणी आली नाही. माणसांकडून कोष्टके करवून घेणे स्वस्त पडत होते आणि यंत्राला सारखी देखभाल लागे. बॅबेजचे यंत्र वेळेवर पुरे झाले असते तरी त्याला गिऱ्हाइके किती मिळाली असती, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

बॅबेज स्वतः थांबला नाही. १८४७ ते १८४९ मध्ये त्याने डिफरन्स इंजिनाचा दुसरा, सुटसुटीत आराखडा केला. त्यात पहिल्याच्या जवळपास एक तृतीयांश भाग लागत होते. सरकारने तो नाकारला. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९८५ मध्ये नेमका हाच आराखडा प्रत्यक्षात उतरवायला घेतला. भाग आधुनिक यंत्रांवर केले, पण अचूकता एकोणिसाव्या शतकात साधण्याजोगी होती तेवढीच ठेवली. आराखड्यातल्या काही चुका दुरुस्त कराव्या लागल्या. बॅबेजच्या द्विशताब्दीला, १९९१ मध्ये, गणनेचा ४,००० भागांचा विभाग एकतीस अंकी उत्तरे बिनचूक देऊ लागला. छपाईचा विभाग २००२ मध्ये जोडला गेला.

अपुऱ्या कामाच्या पोटी काही पुऱ्या गोष्टीही निघाल्या. यंत्रासाठी कारखाने हिंडताना जमवलेल्या माहितीवर बॅबेजने १८३२ मध्ये उत्पादनव्यवस्थेवर पुस्तक लिहिले, आणि ते खूप वाचले गेले. क्लेमंटच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने पुढे स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणीकरण सुचवले. त्याच्या नावाचे आटे आजही ओळखले जातात.

अनॅलिटिकल इंजिन मात्र अजून कोणी बांधलेले नाही. बॅबेजचा मुलगा हेन्री कंपनी सरकारच्या बंगाल लष्करात अधिकारी होता. हिंदुस्थानातून निवृत्त होऊन परतल्यावर त्याने वडिलांच्या उरलेल्या चाकांतून छोटे प्रात्यक्षिक नमुने जोडले. त्यांतला एक हार्वर्ड विद्यापीठात पोचला आणि १९३० च्या दशकात हॉवर्ड आयकन या संगणकनिर्मात्याच्या पाहण्यात आला. हेन्रीने अनॅलिटिकल इंजिनाच्या गिरणीचा एक भागही १९१० मध्ये चालता केला. इंग्लंडमध्ये २०१० मध्ये या यंत्राच्या बांधणीचा विचार नव्याने पुढे आला. पण बॅबेज आराखडे सतत बदलत राहिल्याने त्यांतले कोणते अखेरचे मानायचे हे आधी ठरवणे भाग आहे, आणि पहिली मेहनत त्या कागदांच्या अभ्यासावरच चालली आहे.