बीगल घ्यावं की बॅसेट?

बीगल आणि बॅसेट हाउंड ही दोन्ही वास काढत सशाच्या मागावर जाणारी शिकारी कुत्री. बीगल इंग्लंडचं, बॅसेट मूळचं फ्रान्सचं. उंची दोघांची साधारण १५ इंचांच्या आतच. पण बीगलचं वजन ९ ते १४ किलो, तर आखूड पायांच्या, जाड हाडांच्या बॅसेटचं १८ ते २९ किलो.

दोघंही मुलांशी प्रेमळ. कळपात राहण्याचा वारसा असल्याने एकटेपणा मात्र सोसत नाही. बीगलच्या पायांत भिंगरी असते. रोज तासभर दमवलं नाही, तर चपला आणि उशांची खैर नाही. वास लागला की ते हाकेला दाद देत नाही; मोकळ्या जागी पट्टा सोडू नये. याच नाकाच्या जोरावर १९८४ पासून अमेरिकी विमानतळांवर बीगल प्रवाशांच्या सामानातली बंदी असलेली फळं आणि मांस हुडकून काढतात. आणि ओरडणं! फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी शेजाऱ्यांचा अंदाज घ्यावा.

बॅसेट संथ, पण हट्टी. लहान फेऱ्यांवर भागतं. लाळ गळते. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, संसर्ग पटकन होतो. म्हणून कान नियमित तपासून पुसावे लागतात. लांब पाठीमुळे मणक्याचं दुखणं उद्भवू शकतं, तेव्हा सोफ्यावरून उड्या नकोत. खादाडपणात मात्र दोघं तुल्यबळ, त्यामुळे खाणं मोजूनच द्यावं.

घरात धावणारी मुलं असतील तर बीगल घ्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर बॅसेटच्या वाटेला जाऊ नका.