कर्दळ लावली, पण हवेचे काय?

रोवणीनंतर महिनाभराने मूल, सिंदेवाही किंवा आरमोरीकडच्या एखाद्या बांधीतले धानाचे रोप उपटून पाहा. चिखल काळा आणि कुजकट वासाचा. पण धुतलेली जुनी मुळे मात्र तांबूस दिसतात. तो लोहाचा गंज असतो. धानाच्या खोडात आणि मुळांत पोकळ्या असतात. वरची हवा त्यांतून खाली उतरते, मुळांतून थोडा ऑक्सिजन पाझरतो आणि चिखलातले विरघळलेले लोह तिथेच मुळांवर बसते. मुळापासून जरा दूर गेले की चिखल पुन्हा काळाच.

सांडपाणी शुद्ध करण्यासाठी बांधलेल्या पाणथळीचे बळ आणि मर्यादा, दोन्ही या तांबड्या थरात दिसतात. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धत याच कुळातली. गाळ बसवण्याच्या टाकीतून पाणी गिट्टीच्या वाफ्यात येते, पृष्ठभागाखालून सरकते आणि वर कर्दळ, पाणकणीस वाढते. पाणी उघडे नसल्याने डास होत नाहीत.

मात्र घाण खाणारे खरे कामकरी गिट्टीवर वसलेले जिवाणू असतात आणि त्यांना ऑक्सिजन लागतो. अमोनियातल्या एक किलो नायट्रोजनचे नायट्रेट करायला सुमारे साडेचार किलो ऑक्सिजन खर्ची पडतो. तीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पाणी आणखी तापले की साठा घटतो आणि जिवाणूंची भूक वाढते.

मग ही गरज वनस्पती भागवतात का? 1950 च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल यांनी वनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्रयोगांना सुरुवात केली. पुढे राइनहोल्ड किकुट यांनी मांडलेल्या पद्धतीची सारी भिस्त मुळांतून मिळणाऱ्या ऑक्सिजनवर होती. 1990 मध्ये डेन्मार्कच्या हान्स ब्रिक्स आणि हान्स-हेन्रिक शिएरूप यांनी प्रत्यक्ष मोजणी केली. एक चौरस मीटर वाफ्यात नळगवताच्या देठांतून दिवसाला दोन ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन खाली जात होता. तो जवळजवळ सगळा मुळे-कंदच वापरत होते. उरत होता 0.02 ग्रॅम. एका माणसाच्या सांडपाण्याची रोजची गरज पन्नासेक ग्रॅमची!

म्हणून हवा वेगळ्या वाटेने आणावी लागते. उभ्या प्रवाहाच्या वाफ्यात पाणी सतत न सोडता ठरावीक वेळाने एकदम ओततात. ते खाली निचरले की गिट्टीच्या फटींत ताजी हवा शिरते. इथे अमोनियाचे नायट्रेट होते. नंतरचा आडवा वाफा मात्र मुद्दाम कायम भरलेला ठेवतात. तिथे ऑक्सिजन नसल्याने जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन घेतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. फॉस्फरस गिट्टीला चिकटतो, पण तिची क्षमता कधीतरी संपते. वनस्पतींनी शोषलेला थोडा भाग काढून टाकायचा असेल तर त्या वेळच्या वेळी कापून बाहेर न्याव्या लागतात. तिथेच कुजल्या तर सगळे परत पाण्यात.

चंद्रपुरात हा विषय नवा नाही. गोंडकालीन रामाळा तलावात शहराचे सांडपाणी येत आले आहे. 2021 मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी याच तलावासाठी उपोषण केले होते. तरीही अख्ख्या शहरावर हा उतारा चालणार नाही. उष्ण हवामानातही माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा धरली, तर 2011 च्या जनगणनेतल्या तीन लाख वीस हजारांच्या आसपासच्या वस्तीला 32 ते 64 हेक्टर लागतील. वसतिगृहे, आश्रमशाळा आणि गावाचा नाला मामा (माजी मालगुजारी) तलावाला मिळतो त्या जागा यांसाठी मात्र ही पद्धत सोयीची आहे. तिथे जागा मिळू शकते, आणि वीजही फारशी लागत नाही.

तुमच्या ग्रामपंचायतीत असा प्रस्ताव आला तर कोणती फुलझाडे लावणार, हे नंतर विचारा. आधी विचारा: गाळ बसवण्याची टाकी कुठे आहे, वाफा भरून रिकामा होण्याची सोय आहे का, आणि गाळ उपसणे व कापणी यांसाठी दरवर्षी पैसे कोण देणार? यांची उत्तरे नसतील, तर तो सांडपाण्यावरचा बगीचा ठरेल.