डॉवेल पिन : अडीच सूत की आठ मिलिमीटर?

यंत्रमागाचे ब्रॅकेट किंवा गिअरची बैठक सरकली की आपले मिस्त्री आधी बोल्ट आवळतात. थोडे दिवस ठीक चालते. मग गिअर पुन्हा आवाज करतो, दात झिजतात, बेअरिंग तापते. माग उभा राहिला की मालकाचे कापड थांबते आणि मीटरवर काम करणाऱ्या कारागिराची मजुरीही थांबते. अशा वेळी बोल्टबरोबर डॉवेल पिनही तपासावी.

बोल्टचे काम दोन भाग दाबून धरणे, पिनचे काम त्यांची जागा राखणे. ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी साधारणपणे ९ मिलिमीटरचे भोक पाडतात. म्हणजे भाग प्रत्येक बाजूला अर्धा मिलिमीटर सरकू शकतो. ही सरक फक्त नेमक्या मापाची पिन रोखते.

भिवंडीतील घोळ मापाचा आहे. जुने साधे माग इंग्लिश नमुन्याचे. त्यांची मापे इंचात आणि सुतात. नवे सुटे भाग मिलिमीटरमध्ये. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. ही पिन ८ मिलिमीटरच्या पिनशेजारी ठेवली तर डोळ्याला फरक कळत नाही. पण ८ च्या भोकात ती ०.०६ मिलिमीटर ढिली पडते. उलट अडीच सुताच्या भोकात ८ ची पिन ठोकली तर बिडाचा भाग तडकू शकतो. म्हणून पिन घेताना मायक्रोमीटर लावावा, अंदाज नको.

माप निवडताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) जाडी : शेजारच्या बोल्टइतकी. ८ च्या बोल्टला ८ ची पिन.

२) लांबी : प्रत्येक भागात जाडीच्या दीडपट ते दुप्पट. ८ ची पिन दोन्हीकडे १२ ते १६ मिलिमीटर आत जावी.

३) बसणी : 'एम ६' दर्जाची ८ ची पिन मूळ मापापेक्षा ०.००६ ते ०.०१५ मिलिमीटर जाड असते. तिच्यासाठी 'एच ७' भोक, म्हणजे ८.००० ते ८.०१५ मिलिमीटर. आधी ७.८ चे ड्रिल, मग रीमर. नुसत्या ड्रिलचे भोक गोल आणि नेमके येत नाही. पिन एका भागात घट्ट असावी. उघडायच्या भागात किंचित मोकळी.

४) संख्या : दोनच, शक्य तितक्या दूर. तिसरी पिन जागा सुधारत नाही, जुळणी अवघड करते.

दोन्ही भाग जागेवर लावून, बोल्ट आवळून एकदमच ड्रिल करावेत. भोक शक्यतो आरपार असावे. बंद भोकात हवा अडकते, पिन पूर्ण बसत नाही आणि पुढे निघतही नाही. बंद भोक टाळता येत नसेल तर डोक्यात आटे असलेली पिन घ्यावी. बोल्ट लावून ती ओढता येते.

भोक झिजले असेल तर पत्रा गुंडाळणे किंवा पंच मारून पिन घट्ट करणे टाळावे. तो इलाज टिकत नाही. भोवती पुरेसे बीड असेल तर रीमरने भोक पुढच्या मापाचे, उदाहरणार्थ १० चे, करून तशी पिन बसवावी.

दुकानात नुसते "आठची पिन द्या" म्हणू नये. मिलिमीटर की सूत, जाडी, लांबी आणि पाणी दिलेली हवी की साधी, हे चारही कागदावर लिहून द्यावे. गिअरच्या जोडीपुढे पिनचा खर्च किरकोळ असतो.