पंपाचा बुश



२२ जुलै १९५४ रोजी दादरा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. पुढे सिल्वासा-वापी पट्ट्यात कारखाने उभे राहिले आणि येथील मुलांच्या हाती पान्याबरोबर मायक्रोमीटरही आला. म्हणून आज एका लहानशा भागाविषयी बोलणार आहे.

स्वयंचलित गिअरपेटीच्या तोंडाशी तेलाचा पंप असतो. टॉर्क कन्व्हर्टरची नळी त्याला फिरवते आणि ती नळी ज्या बुशात टेकते, तो पोलादी पाठीचा, आतून मऊ मिश्रधातूचा असतो. बुश झिजला की नळी आसावरून ढळते. मग पुढचे सील गळू लागते. पुष्कळदा केवळ सील बदलले जाते. बुश जुनाच राहिल्याने काही महिन्यांत गळती परतते, पेटी पुन्हा उतरवावी लागते आणि गाडीमालकाचा खर्च दुप्पट होतो. तेल फारच घटले तर आतील क्लचही जळतात.

नवा बुश बसवण्यापूर्वी घर निर्मळ करावे, कडेची खर काढावी. बुशावर थेट हातोडा मारू नये, हे मी निक्षून सांगतो. नेमक्या मापाच्या ठोकळ्याने, शक्यतो प्रेसवर, तो सरळ दाबावा. तेल परतीचे छिद्र बुशाने झाकले जाता कामा नये. ते झाकले गेले तर सीलमागे दाब साचतो आणि सील निसटू शकते.

तेल किती जोर धरते याचा दाखला जुना आहे. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्यूचॅम्प टॉवर यांनी रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. बेअरिंगच्या माथ्यावरील छिद्रातून तेल वर येऊ लागले, म्हणून त्यांनी तेथे बूच ठोकले. तेलाने ते बाहेर फेकले. लाकडी खुंटीचीही तीच गत झाली. फिरता आस तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, हे त्यातून उमगले. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले.

त्या थरापुरतीच फट बुशात हवी. दाबून बसवल्यावर बुशाचा आतला व्यास किंचित घटतो, म्हणून माप बसवल्यानंतरच घ्यावे, तेही दोन दिशांनी. फट साधारणतः मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी असते. नेमका आकडा त्या गिअरपेटीच्या पुस्तिकेत पाहावा. नळी जुनी असेल तर तिच्या पृष्ठावरील ओरखडेही तपासावेत. शेवटी नळी तेल लावून बुशात घालावी आणि हाताने फिरवावी. ती कोठेही अडखळली, तर पंप बंद करण्याची घाई करू नये.